पान १७ वरची खूण

(दृश्य: सदाशिव पेठेतली गल्ली, संध्याकाळचे पाच. अर्ध्यावर उचललेलं शटर. आत लोखंडी मांडण्या, खाकी कव्हरं घातलेली पुस्तकं.)

पुस्तक हातात आलं की या लायब्ररीचे जुने सभासद आधी पान १७ उघडतात. मुखपृष्ठ नंतर, लेखकाचं नाव नंतर. पान १७, खालचा उजवा कोपरा. तिथे पेन्सिलीनं काढलेला बारीक 'कु' दिसला की पुस्तक परत मांडणीत. "हे झालंय माझं."

आठवड्याला दोन पुस्तकं संपवणाऱ्याला नावं कुठली लक्षात राहायला! म्हणून प्रत्येकानं आपापली खूण ठरवून घेतली. कुणी आडनावाचं पहिलं अक्षर काढतं, कुणी त्रिकोण. एका आजोबांचं छत्रीसारखं काहीतरी असतं. काही जुन्या कादंबऱ्यांचं पान १७ म्हणजे सोसायटीच्या सभेची हजेरीवही झालीय. पुस्तकावर लिहायला मनाई आहे, हे सांगायला नकोच. तशी पाटी दारावर आहे.

खुणा काढल्या स्वतःसाठी, पण वाचतात दुसरेच. "छत्रीवाल्यांनी वाचलंय? मग नको, त्यांना सगळं रडकं आवडतं." "कु बाईंची खूण आहे ना? द्या मग." शिफारशीची इतकी स्वस्त आणि खात्रीची सोय मी दुसरीकडे पाहिली नाही.

अडचण एकच. नव्या पुस्तकाचं पान १७ कोरं असतं.

(दृश्य: टेबलावर पार्सल. सुतळी, कात्री. कापणारे हात फक्त.)

हे हात काकूंचे. लायब्ररी त्या चालवतात. कॅमेऱ्यासमोर यायला त्यांनी नकार दिला. "माझं तोंड काय दाखवता, पुस्तकं दाखवा."

इथे तासाभरात तीन वेळा तरी ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "काहीतरी हलकंफुलकं द्या." कॉलेजातल्या मुली हेच "फील-गुड आहे का काही? नवीन?" असं विचारतात. काकू लगेच उठत नाहीत. आधी विचारतात, मागचं कुठलं पूर्ण केलंत? आवडलं का, असं विचारत नाहीत, कारण आवडलं असं सगळेच म्हणतात. मग दुसरा प्रश्न, रात्री वाचता की दुपारी? आणि तिसरा, घरी कुणी दवाखान्यात आहे का?

तिसऱ्या प्रश्नाला नवा सभासद दचकतो. हलक्याफुलक्या पुस्तकाचा आणि दवाखान्याचा काय संबंध? तो कळायला समोरची मांडणी नीट बघावी लागते.

(दृश्य: मुखपृष्ठं, एकामागून एक.)

मांजर. कॉफीचा कप. संध्याकाळी दिवे लागलेलं पुस्तकांचं दुकान. पुन्हा मांजर. गेल्या काही वर्षांत जपानी आणि कोरियन कादंबऱ्यांच्या इंग्रजी अनुवादांनी हा कप्पा भरून गेलाय. जपानीत या प्रकाराला 'इयाशी' शब्द वापरतात. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना तोटा नाही, त्यामुळे अर्थ सांगायला एखादा सभासद हजर असतोच. आराम पडणं, जखम भरून येणं. आपल्याकडे यासाठी सरळ शब्द आहे, बरं वाटणं. ताप उतरला की आपण 'आता बरं वाटतंय' म्हणतो, आणि बऱ्याच दिवसांनी मैत्रीण भेटली तरी 'बरं वाटलं' म्हणतो. मराठीला दोन्हींत फरक करावासा वाटला नाही. या कादंबऱ्यांनाही वाटत नाही. त्यांची सुरुवात बहुतेक वेळा तापातच होते.

तोशिकाझु कावागुची यांची 'बिफोर द कॉफी गेट्स कोल्ड' घ्या. जपानीत २०१५ साली आली, इंग्रजीत २०१९ साली. तळघरातलं छोटं कॅफे. एका ठरावीक खुर्चीवर बसलं की भूतकाळात जाता येतं, पण कॉफी गार व्हायच्या आत परत यायचं. आणि तिथे जाऊन काहीही केलंत तरी आजचं काही बदलत नाही. गेलेलं माणूस गेलेलंच राहतं. वाचणाऱ्याला बरं वाटतं ते या नियमामुळे, असं माझं मत आहे. तो नियम नसता तर ती नुसती परीकथा झाली असती.

शेजारी सातोशी यागिसावा यांचं 'डेज अ‍ॅट द मोरिसाकी बुकशॉप'. प्रेमात फसवली गेलेली मुलगी नोकरी सोडते आणि मामाच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत येऊन झोपून राहते. दुकान टोकियोच्या जिंबोचो भागातलं. जिंबोचो म्हणजे तिथला, पुस्तकांच्या दुकानांनी भरलेला अप्पा बळवंत चौक समजा, फक्त परीक्षेच्या '२१ अपेक्षित'चे गठ्ठे वगळून. हे पुस्तक जपानमध्ये २०१० साली आलं आणि इंग्रजीत २०२३ साली. इतकं जुनं पुस्तक नव्याच्या मांडणीत कसं, असं मी विचारलं. काकू म्हणाल्या, "तुमच्या हातात आज आलंय ना?"

फ्रेड्रिक बॅकमन या स्वीडिश लेखकाची 'अ मॅन कॉल्ड ओव्ह' हीसुद्धा तशी जुनीच, २०१२ ची. पण तिचं नाव इथे निघतंच निघतं. ओव्ह रोज सकाळी वसाहतीत फेरी मारतो, कुणी गाडी चुकीच्या जागी लावलीय का ते तपासतो, पाट्यांवरचे नियम लोकांना ऐकवतो. सदाशिव पेठेत त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. वाचताना लोक मोठ्यानं हसतात. पण हा माणूस बायको गेल्यावर स्वतःचा जीव द्यायला निघालेला आहे, एकदा नव्हे, अनेकदा. 'मस्त विनोदी आहे' एवढंच सांगून हे पुस्तक कुणाच्याही हातात देणं धोक्याचं. काकूंचा तिसरा प्रश्न इथे कामाला येतो.

(दृश्य: जुन्या पुण्याची छायाचित्रं. मग पुन्हा लायब्ररी.)

'हलकंफुलकं' हा शब्द आपल्याकडे थोडा नाक मुरडूनच वापरला जातो. चांगलं साहित्य म्हणजे जड, आणि करमणूक म्हणजे दुय्यम. गंमत अशी, की ह. ना. आपट्यांनी १८९० साली याच पुण्यात साप्ताहिक काढलं तेव्हा त्याचं नावच 'करमणूक' ठेवलं. आणि त्या 'करमणुकी'त क्रमशः आलं काय, तर 'पण लक्षात कोण घेतो?' एका मुलीचं लग्न, वैधव्य, केशवपन, सगळं तिच्याच तोंडून. करमणूक या शब्दात तेव्हा बरंच काही मावत होतं.

(दृश्य: प्रकाशन समारंभ. रंगीत कागदात बांधलेला गठ्ठा, न सुटणारी गाठ, हसणारे पाहुणे.)

अमेरिकेत नवी पुस्तकं साधारण मंगळवारी येतात, ब्रिटनमध्ये गुरुवारी. मराठी पुस्तकाचा मुहूर्त शनिवार-रविवारच्या संध्याकाळचा. चार भाषणं होतात, त्यातलं एक पुस्तक न वाचता केलेलं असतं. बाहेर टेबलावर आजच्या दिवसापुरती सवलत. काकू भाषणांना बसत नाहीत, टेबलापाशी उभ्या राहून वाचतात. डिसेंबरात फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, २०२३ पासून, तिथेही तेच. कापडी पिशवी खांद्याला आणि पुस्तक मधूनच कुठेतरी उघडलेलं.

मागच्या कव्हरावरची पाठराखण काकू वाचत नाहीत. "पाठराखण करणारा पाठच राखणार, तो पोटातलं कशाला सांगेल?" शीर्षकपानाच्या मागे प्रथमावृत्ती कधीची ते बघतात. मग मधलं एखादं पान, शक्यतो संवादाचं, पुटपुटत वाचतात.

अनुवाद असेल तर परीक्षा आणखी कडक. जपानी माणूस समोरच्याचा मान ठेवून बोलतो की सलगीनं, हे त्याच्या क्रियापदातच कळतं. मराठीतही कळतं. मधल्या इंग्रजीत मात्र सगळ्यांना एकच 'यू'. त्यामुळे इंग्रजीवरून मराठी करणाऱ्याला दर पानावर ठरवावं लागतं, इथे तू, तुम्ही की आपण? ते चुकलं की बरं वाटण्याचा कारभारच आटोपतो. एका नव्या अनुवादाचं एक वाक्य काकूंनी मला वाचून दाखवलं. घरी परतलेल्या भाच्याला मामी विचारते, "तू ठीक आहेस का?"

"कुठली मामी असं विचारते?" काकूंनी पुस्तक मिटलं. "जेवलास का, असं विचारते."

ते पुस्तक घेतलं नाही.

(दृश्य: पुस्तकाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली चिठ्ठी. अक्षर ठळक, निळ्या शाईचं.)

एवढं करूनही नेम चुकतो. दोन वर्षांपूर्वी एक बाई आल्या. त्यांचं म्हातारं मांजर नुकतंच गेलं होतं. काकूंनी त्यांना मांजराचं चित्र असलेली नवी कादंबरी दिली. त्या वेळी काकूंची स्वतःची वाचून झाली नव्हती, सगळीकडे छान छान बोललं जात होतं म्हणून दिली. बाई तिसऱ्या दिवशी परत आल्या. पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाल्या, "मांजर मरतं. सांगायचं नाही का?"

काकूंनी त्या महिन्याची वर्गणी घेतली नाही. आणि चिठ्ठ्या सुरू केल्या. आता स्वतः वाचल्याशिवाय नवं पुस्तक बाहेर जात नाही, आणि चिठ्ठी चिकटवल्याशिवाय तर नाहीच. मी काही उतरवून घेतल्या.

'मांजर जगतं.'

'मांजर जगतं, आजी जात नाही, दुकान मात्र बंद पडतं.'

'भूक लागलेली असताना वाचू नये.'

'पहिली चाळीस पानं सोसा.'

'आईबद्दल आहे. प्रवासात नको.'

यावर भांडणं झाली, नाही असं नाही. निवृत्त बँकवाले काका भडकले, "शेवट सांगता म्हणजे काय? वाचायचं मग कशाला?" काकूंचं उत्तर, "तुम्हाला नाही सांगितलं, ज्याला हवंय त्याला सांगितलं. तुम्ही चिठ्ठी वाचू नका." काका आता कव्हर उघडताना चिठ्ठीवर तळहात ठेवतात. मी चित्रित केलंय, बघा.

मला विचाराल तर काकूंची बाजू बरोबर आहे. काय होणार हे माहीत असूनही जी कादंबरी शेवटपर्यंत वाचायला लावते, तिचीच शिफारस करावी. आणि थकलेल्या माणसाला अंधारात पायरी चुकण्याचा थरार नको असतो, दिवा हवा असतो.

(दृश्य: शनिवार. शटर पूर्ण वर. गर्दी.)

शूटिंगच्या पहिल्या दिवशी जे पार्सल फुटलं होतं, त्यातली एक मराठी कादंबरी आम्ही लक्षात ठेवली होती. नव्या लेखिकेची, पहिलीच. उपनगरातल्या एका बैठ्या चाळीचा पुनर्विकास होतोय आणि शेवटचे चार बिऱ्हाडकरू हलायला तयार नाहीत, एवढीच गोष्ट. कुणी वाचलेली नव्हती, कुठे परीक्षण नव्हतं. काकूंनी दोन रात्रींत संपवली आणि चिठ्ठी लावली. 'सगळे जगतात. शेवट बरा.'

सात आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो. पुस्तक मांडणीत नव्हतं. अर्ध्या तासानं एक मुलगा परत करायला आला, तेव्हा दिसलं. खाकी कव्हराचा कोपरा मऊ पडलेला. पान १७ वर 'कु', एक त्रिकोण, एक नवीच खूण, माशासारखी. छत्री नाही.

आतल्या चिठ्ठीवर काकूंच्या निळ्या अक्षराखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'बरा नाही, उत्तम.'

त्याखाली तिसऱ्या हस्ताक्षरात, लाल पेननं, 'पुस्तकात लिहू नये.'

आणि त्याखाली पुन्हा निळी शाई. 'चिठ्ठीवर चालेल.'