मान न धरणारं बाळ

पाच महिने उलटले, तरी बाळ मान धरत नाही. काखेत हात घालून उचललं की हातांतून निसटू पाहतं. नजर मात्र चुणचुणीत, आई जाईल तिकडे फिरते. "काही बाळं उशिराच धरतात," आजी म्हणते. पण अशी हुशार नजर, असं ढिलं अंग आणि गुडघ्यावर हातोडी मारूनही न उडणारा पाय, एवढं एकत्र दिसल्यावर वाट बघत बसू नये.

अंग सैल असण्याचं मूळ बहुतेक बाळांच्या मेंदूत असतं. इथे संशय मेंदूच्या खालचा आहे. बिघाड मज्जारज्जूत, नसेत, नस-स्नायूच्या जोडावर, की खुद्द स्नायूत?

तपासणीच्या खोलीतला एसी बंद केलाय. आईने बाळाची पावलं मुठीत धरून ऊब दिली आहे. कारण पाय गार असला की चांगली नसही मंद भासते. आधी एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो त्याची मोजणी. नसेवर छोटासा झटका, बाळ दचकतं, रडतं. नवजात बाळाची नस मोठ्या माणसाच्या साधारण निम्म्याच वेगाने संदेश नेते, तिच्यावर मायलिनचं आवरण अजून चढत असतं. मोठ्यांच्या आकड्यांशी ताडलं, तर धडधाकट बाळही आजारी ठरेल.

मग ईएमजी, म्हणजे स्नायूतल्या विजेच्या हालचालींची तपासणी. नडगीच्या स्नायूत बारीक सुई. विसावलेला निरोगी स्नायू गप्प असतो. इथे यंत्रातून आवाज येतो, पत्र्यावर पावसाचे तुरळक थेंब पडावेत तसा. तळव्याला गुदगुल्या केल्या, पाय जरासा हलला, आणि मोजकेच पण मोठाले ठोके उमटले. मज्जारज्जूतल्या काही पेशी गेल्या आहेत, उरलेल्यांनी पोरके झालेले स्नायूतंतू आपल्याकडे घेतलेत.

स्पर्शाच्या नसा ठीक, हालचालीच्या नसांचं उत्तर क्षीण. रोख स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीकडे, म्हणजे एसएमएकडे: मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या पेशी मरत जाण्याचा आनुवंशिक आजार. नाव पक्कं होईल ते रक्तातल्या एसएमएन१ जनुकाच्या चाचणीनेच. चित्र इतकं स्पष्ट असेल तर हल्ली रक्त आधी पाठवतात, आणि तेच योग्य. २०१६पासून यावर औषधं आली आहेत, पण गेलेल्या पेशी परत येत नाहीत. सुईचा खरा उपयोग चित्र धूसर असताना, किंवा जनुकाच्या चाचणीत काहीच सापडलं नाही तेव्हा. तिलाही मर्यादा आहेतच: स्नायूंच्या काही जन्मजात आजारांत ईएमजी चक्क नॉर्मल येतो.

सुई निघाली. बाळाचं रक्त पहिल्याच भेटीत पाठवलंय. आई त्याला पायमोजे घालते आहे, मानेखाली एक हात तसाच ठेवून.