घासाघीस न करणारा पाहुणा

नमस्कार मंडळी. पाऊस सरला, किल्ल्याच्या होड्या सुरू झाल्या, आता आपले फोनही वाजायला लागतील. मला बोलायला उभं केलंय ते मी जाणकार म्हणून नव्हे. मालवणजवळ देवबागात पाहुण्यांसाठी चार खोल्या चालवते आणि फोनवरच्या खोट्या बुकिंगला एकदा चांगली फसले आहे, एवढीच माझी पात्रता.

त्या दिवशी फोन आला दुपारी दीडला. ती वेळ तुम्हाला ठाऊक आहे. तव्यावर सुरमई, पडवीत पानं मांडलेली. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. आर्मीतून बोलतोय, वीस जवान येणार, पाच दिवस. मी भाव सांगितला, तो लगेच ‘ओके’ म्हणाला. चार खोल्यांत वीस माणसं मावतील का, हे त्यानं विचारलं नाही. मीही नाही!

पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखपत्र आणि गणवेशातला फोटो. मग म्हणाला, ‘आर्मीचं पेमेंट उलटं असतं. आधी तुम्ही पाच रुपये पाठवा, आम्ही दहा परत करतो.’ पाठवले, आणि खरंच दहा आले. गरीला लावलेलं सुंगट होतं ते. पुढे त्यानं क्यूआर कोड धाडला. ‘फोन ठेवू नका. स्कॅन करा, चौकटीत कोड टाका, २४९९९.’ मी टाकला. चौकट रकमेची होती. मग पिन टाकला, आणि तव्यावरची सुरमई जळली.

यूपीआयचा पिन लागतो तो पैसे देताना, घेताना नाही. हे तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, मलाही होतं. पण कानाशी कोणी घाई करत असला की पाठ केलेलं आठवत नाही. म्हणून ती घाई सुरू होण्याआधीच माणूस ओळखावा लागतो.

खरं गिऱ्हाईक कसं बोलतं? एसी आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, थाळीत पापलेट की बांगडा, गाडी कुठे लावायची. आणि शेवटी, ‘दोन खोल्या घेतो, काहीतरी कमी करा की.’ आपल्याला वैताग येतो. येऊ दे. ज्याला द्यायचेच नाहीत, तो भाव कशाला करील?

फसवणुकीची दुसरी तऱ्हा जादा पैशांची. चार हजारांऐवजी चुकून चाळीस हजार गेले, मूल दवाखान्यात आहे, छत्तीस हजार लगेच परत करा. सोबत बँकेसारखा मेसेज. तो मेसेज वाचूच नका, बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक बघा. परदेशी पाहुण्याच्या जादा रकमेच्या चेकचंही तेच. जमा दिसला म्हणजे वटला असं नाही. एका माणसानं दुसऱ्याकडे यूपीआयवरून पैशांची मागणी पाठवायची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, तो एक रस्ता बुजला. क्यूआर कोडचा उघडाच आहे.

फसलात तर त्याच घटकेला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. वाटेत सापडले तर गोठवता येतात. मी घरात सांगायची लाज वाटून रात्रभर गप्प बसले आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. माझे गेले ते गेलेच.

गेल्या मे महिन्यात पुन्हा तसाच फोन. ‘ताई, मी फौजेत आहे, सुट्टीवर आलोय.’ मी ठेवणारच होते. तेवढ्यात म्हणाला, ‘पोरं लहान आहेत हो, त्यांचं जेवण कशाला धरता?’ तीनशे रुपयांसाठी दहा मिनिटं हुज्जत घातली त्यानं. मी खोली दिली. साताऱ्याकडचा निघाला, खराखुरा जवान. दोन दिवस तिसऱ्या चापून खाल्ल्या आणि निघताना त्या तीनशे रुपयांचा विषय पुन्हा काढला.