जुळारी वोवॉस आणि पाद्री एलियट

(दृश्य: लाकडी छापयंत्र. ओलवलेले ताव. चामडी गोळे.)

हातयंत्रावरची छपाई आदल्या दिवशीच सुरू व्हायची. ताव ओलवून एकावर एक रचायचे आणि वर वजन ठेवायचं. कागद कोरडा असला की शाई धरत नाही, फार ओला राहिला की अक्षर पसरतं. शाई म्हणजे काजळी आणि उकळून घट्ट केलेलं जवसाचं तेल. लोकर भरलेल्या चामडी गोळ्यांनी ती खिळ्यांवर, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांवर, थोपटायची. मग ताव बसवायचा, पाट यंत्राखाली सरकवायचा आणि दांडा ओढायचा. तावाची एक बाजू उठायला दोनदा दांडा ओढावा लागतो.

मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला, हार्वर्डच्या आवारात 'इंडियन कॉलेज' नावाची विटांची इमारत होती. 1663 मध्ये तिथूनच अमेरिकेत छापलेलं पहिलं संपूर्ण बायबल बाहेर पडलं. त्याची भाषा त्या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांची, मॅसॅच्युसेट आणि वाम्पानोआग लोकांची.

(दृश्य: विडफर्डचं चर्च. मग रॉक्सबरी.)

भाषांतरकार म्हणून नाव लागलं ते जॉन एलियटचं. जन्म 1604, हर्टफर्डशरमधलं विडफर्ड गाव. शिक्षण इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या जीझस कॉलेजात. प्युरिटन, म्हणजे कडव्या सुधारणावादी प्रोटेस्टंट मताच्या माणसाला इंग्लंडच्या चर्चमध्ये जागा उरली नव्हती. 1631 मध्ये तो बोस्टनला उतरला, पुढच्या वर्षी रॉक्सबरीच्या चर्चमध्ये रुजू झाला आणि 1690 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला.

स्थानिक भाषा तो शिकला कॉकेनो या तरुणाकडून. कॉकेनो मूळचा लाँग आयलंडचा. इंग्रज आणि पिक्वॉट लोकांमधल्या 1637 च्या युद्धात पकडला गेला आणि डॉर्चेस्टरमध्ये एका इंग्रजाच्या घरी नोकर म्हणून राहिला. त्याला इंग्रजी येत होतं, उच्चार स्वच्छ होते. दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना एलियटने त्याच्याच मदतीने उतरवून काढल्या. पाद्री गुरू आणि मूळ रहिवासी शिष्य, असं चित्र नेहमी रंगवलं जातं. इथे शिकवणारा कॉकेनो होता, हे विसरून चालणार नाही.

मूळ रहिवाशांपुढचं एलियटचं सप्टेंबर 1646 मधलं पहिलं प्रवचन फसलं, ऐकणारे कंटाळून गेले. 28 ऑक्टोबरला नोनॅंटमला, वाबान या प्रमुखाच्या झोपडीत पुन्हा बैठक झाली, ती मात्र तीन तास चालली. शेवटी मुलांना सफरचंदं वाटली, मोठ्यांना तंबाखू.

(दृश्य: चार्ल्स नदी, नेटिक.)

पुढे ख्रिस्ती झालेल्या मूळ रहिवाशांचं नेटिक गाव वसलं. नदीवरचा 80 फुटी पादचारी पूल गावकऱ्यांनीच बांधला. 1674 पर्यंत अशी 14 गावं झाली होती.

(दृश्य: खिळ्यांची केस. जुळाऱ्याची बोटं, जवळून.)

आता छापखान्यात. खिळे आणि कागद लंडनहून यायचे. सॅम्युएल ग्रीन हा मुद्रक केंब्रिजलाच होता. 1660 मध्ये तीन वर्षांच्या करारावर मार्मड्यूक जॉन्सन येऊन मिळाला. आणि ग्रीनच्या हाताखाली 1659 पासून निपमक या मूळ रहिवासी जमातीतला एक तरुण उमेदवारी करत होता. त्याचं नाव वोवॉस. इंग्रज त्याला जेम्स प्रिंटर म्हणत.

जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा, डाव्या हातात खिळे रचायची छोटी पट्टी, स्टिक, धरतो, उजव्या हाताने केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या कप्पेदार पेटीतून, एकेक खिळा उचलतो आणि ओळ उलटी वाचत जुळवतो. इंग्रजीच्या हिशेबाने भरलेल्या केसमध्ये 'ई' भरपूर आणि 'के' मोजके. या भाषेत 'के' आणि 'ओ' पावलोपावली येतात. त्यामुळे ते जादा मागवावे लागले. दोन 'ओ' जोडलेला वेगळा खिळाही लागे. शब्दही लांबलचक, काही तर 30-32 अक्षरांचे. पानावर दोन स्तंभ, स्तंभ अरुंद; शब्द मोडावाच लागायचा. तो कुठे मोडायचा हे भाषा न येणाऱ्या जुळाऱ्याला कळणार कसं? ग्रीन आणि जॉन्सन अक्षरं ओळखत होते. वोवॉस वाचत होता. मुद्रित तपासून चूक धरायला तोच लागे. आणि दुरुस्ती होऊन ताव छापून होईपर्यंत फर्मा, म्हणजे चौकटीत आवळलेली जुळवलेली पानं, सोडता येत नाही, तोवर त्यातले खिळे पुढच्या पानाला मिळत नाहीत.

हिशेब मांडून बघा. बाराशेच्या आसपास पृष्ठं. एका तावावर आठ, म्हणजे एका प्रतीला दीडशे ताव. प्रत्येक तावाला दोन्ही बाजू मिळून चार वेळा दांडा. प्रती सुमारे हजार. छापून झाल्यावर खिळे धुऊन पुन्हा एकेक करून केसमध्ये परत टाकायचे, ते वेगळंच.

गोव्यात राशोलच्या छापखान्यात 1616 मध्ये थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मप्रसारकाचं ख्रिस्तपुराण निघालं, तेही मराठी असून रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळेच नव्हते. मॅसॅच्युसेट्समधली ही भाषा रोमनमध्येच लिहिली जाऊ लागली होती. ती वाचून जुळवणारा माणूस मात्र वोवॉसच्या रूपाने एलियटला मिळाला.

(दृश्य: डिअर आयलंड, हिवाळा.)

1675 मध्ये इंग्रज आणि मूळ रहिवासी यांच्यात युद्ध पेटलं. मूळ रहिवाशांच्या बाजूने पुढे होता वाम्पानोआग प्रमुख मेटाकॉमेट, इंग्रज त्याला फिलिप म्हणत. नेटिकच्या लोकांना बोस्टन बंदरातल्या डिअर आयलंडवर नेऊन टाकलं, तिथे अनेक जण दगावले. एलियटचा दुसरा सहभाषांतरकार जॉब नेसुटन इंग्रजांच्या बाजूने लढताना मारला गेला. बायबलच्या बऱ्याच प्रती नष्ट झाल्या.

(दृश्य: दुसरी आवृत्ती. पानं उलटताना.)

वोवॉस युद्धात फिलिपच्या गोटात होता. 1676 मध्ये तो परतला आणि पुन्हा केसपुढे उभा राहिला. 1685 ची दुसरी आवृत्ती त्याच्या हातची. समजून खिळे जुळवणारा आणि मुद्रितं तपासणारा हा एकच माणूस आपल्याकडे आहे, असं एलियटने लंडनला कळवलं होतं. बायबलच्या मुखपृष्ठावर वोवॉसचं नाव नाही. 1709 च्या स्तोत्रसंग्रहावर मात्र मुद्रक म्हणून 'बी. ग्रीन' आणि 'जे. प्रिंटर' अशी दोन नावं छापलेली आहेत.

(दृश्य: हार्वर्डच्या आवारातलं उत्खनन, सापडलेले शिशाचे खिळे. मॅशपीचा वर्ग.)

पुढे ही भाषा बोलणारं कोणी उरलं नाही. 1993 पासून मॅशपी वाम्पानोआग समाजातल्या जेसी लिटल डो बेअर्ड यांनी ती पुन्हा उभी करायला घेतली. शब्द आणि व्याकरण जुळवताना याच बायबलचा आणि वाम्पानोआग लोकांनी लिहून ठेवलेल्या जमिनीच्या कागदपत्रांचा आधार घेतला. मॅसॅच्युसेट्समधल्या मॅशपी गावात आज लहान मुलं त्या भाषेत शिकतात.