गाडी सॅन फ्रान्सिस्कोची, पॉलिसी डोंबिवलीची

(ज्येष्ठ नागरिक संघात झालेलं व्याख्यान, किंचित संपादित)

नमस्कार मंडळी. फळ्यावर विषय लिहिलाय, ‘परदेशी वेबसाइटवरून भाड्याची गाडी स्वस्तात कशी घ्यावी’. हा मथळा कार्यवाहांचा, माझा नव्हे. ‘स्वस्तात’ लिहिल्याशिवाय डोंबिवलीत खुर्च्या भरत नाहीत असं त्यांचं म्हणणं. आणि भरल्यात की! आता ज्यांचं परदेशात कोणीच नाही त्यांनी हात वर करा. दोनच? तुम्ही चहापर्यंत झोपलात तरी चालेल.

मी जन्मभर मोटार विम्याचा सर्व्हेअर. ठोकलेले बंपर बघण्यात हयात गेली. त्यामुळे भाड्याच्या गाडीचा दर समोर आला की मी आकडा नंतर बघतो. आधी बघतो की या आकड्यात विमा कोणाचा धरलाय. आज मला सांगायचंय ते एवढंच.

मुलं सांगतात, बाबा, तीच कंपनी, तीच गाडी, त्याच तारखा, पण जर्मन साइटवर दर वेगळा आणि अमेरिकन साइटवर वेगळा. खरं आहे. आणि त्यावर आपण तरी नाकं मुरडू नयेत. वेरूळला आपण 40 रुपये देतो, परदेशी पाहुणा 600. फरक एवढाच की पुरातत्त्व खातं ते खिडकीवर लिहून लावतं. गाडीवाले आधी तुमचा राहण्याचा देश विचारतात आणि मग गुपचूप आकडा बदलतात.

आता आमच्या मेव्हण्याची गोष्ट. माणूस हुशार आहे. पैसे वाचवताना जरा जास्तच हुशार होतो. आम्ही, मेव्हणा आणि साडू अशी तिन्ही कुटुंबं सॅन फ्रान्सिस्कोला गेलो होतो, पुढे योसेमिटी नॅशनल पार्कचा बेत. याने अमेरिकन साइटवर गाडी बुक केली आणि राहण्याचा देश म्हणून अमेरिका टाकली. पत्ता भाच्याचा, सनीव्हेलचा. दर बघून घरात जल्लोष. माझे साडू इंग्लंडला, स्लाव (Slough) गावात असतात. त्यांनी त्याच कंपनीच्या ब्रिटिश साइटवरून गाडी घेतली, बरीच महाग. मेव्हण्याने विमानात त्यांना पुरेसं छळून घेतलं.

काउंटरवर साडूंचं काम चटकन उरकलं. लायसन्स, कार्ड, सही, किल्ली. ते ट्रॉली घेऊन बाहेर जाऊन उभे. मग आमचा नंबर. बाई गोड हसल्या, लायसन्स बघितलं. महाराष्ट्राचं. स्क्रीनवर पत्ता सनीव्हेलचा. हसू तसंच ठेवून विचारलं, तुमचा स्वतःचा ऑटो इन्शुरन्स आहे ना? मेव्हण्याने अभिमानाने मोबाइल काढला आणि स्विफ्टची पॉलिसी दाखवली!

मंडळी, हसू नका, कागदावर बोलू. आपल्या मोटार पॉलिसीत ‘भौगोलिक क्षेत्र’ असा रकाना असतो. तिथे लिहिलेलं असतं, भारत. जादा हप्ता भरून ते वाढवता येतं. कुठवर? बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव. मालदीवला स्विफ्ट कशी न्यायची हे इतक्या वर्षांत मला एकाही विमा कंपनीने सांगितलेलं नाही. कॅलिफोर्निया त्या यादीत नाही. शिवाय आपल्याकडे पॉलिसी गाडीची असते. स्विफ्ट सोसायटीच्या पार्किंगमध्ये, तर पॉलिसीही पार्किंगमध्ये.

अमेरिकन माणसाचं तसं नाही. त्याच्या घरच्या गाडीचा विमा बहुतेक वेळा भाड्याच्या गाडीलाही लागू होतो. म्हणून त्याला बोडका दर दाखवतात, नुसती गाडी. ब्रिटिश किंवा जर्मन पाहुण्याच्या घरचा विमा तिथे चालत नाही, म्हणून त्यांच्या साइटवर गाडीच्या नुकसानीचं आणि थर्ड पार्टीचं, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचं, संरक्षण सहसा भाड्यातच घालून विकतात. साडूंचं ‘महाग’ ते हे.

तर बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. गाडीच्या नुकसानीचे रोजचे इतके, थर्ड पार्टीचे रोजचे तितके, इथे बोट लावा, इथेही लावा. मागे रांग, रांगेत एक रडणारं पोर. आमची ही म्हणाली, ‘आटपा हो.’ मेव्हण्याने बोटं लावली. विम्याची रक्कम मूळ भाड्याच्या वर गेली. योसेमिटीपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही, जीपीएसवाली बाई सोडून.

या निमित्ताने ओरखड्यांबद्दलही सांगतो, कारण चाकाच्या रिमवरचा ओरखडा हा माझ्या... काय? चिठ्ठी? दहा मिनिटं? बरं. ओरखडे राहू देत. गाडी घेताना आणि देताना चारही बाजूंचा व्हिडिओ काढा, रिमसकट, म्हणजे झालं.

तर मुख्य मुद्दा, भराभर. एकच गाडी दोन-तीन देशांच्या साइटवर उघडा, भाषांतर ब्राउझर करून देतो. पण राहण्याचा देश भारतच टाका. खोटा टाकलात तर काउंटरवर दर बदलू शकतो, आणि अपघात झाला तर वाद तुमच्या गळ्यात. मग आकड्याच्या आत बघा. नुकसानीचं संरक्षण, थर्ड पार्टी, चोरी. आणि एक्सेस, म्हणजे क्लेममध्ये तुमच्या खिशातून जाणारी रक्कम. आपल्याकडे 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचा एक्सेस 1000 रुपये. युरोपात हजार-दोन हजार युरो सहज असतो. तेवढी रक्कम चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, मुलाचं कार्ड चालत नाही. मशीनने ‘रुपये की युरो’ विचारलं तर युरो. रुपयांचा दर मशीनवाला आपल्या सोयीने लावतो.

हा भेदभाव कायद्यात बसतो का? युरोपियन आयोगाने 2014 साली सहा मोठ्या कंपन्यांना याबद्दल हटकलं होतं. डिसेंबर 2018 पासून तिथे राहण्याचा देश बघून दर बदलू नये असा नियमच लागू आहे, आणि भाड्याची गाडी त्यात येते. पण तो युरोपातल्या ग्राहकांसाठी. जर्मनीतली तुमची मुलगी त्यावर बोट ठेवू शकते, तुम्ही नाही. तेव्हा गाडी तिच्या नावावर घ्या आणि चालवू पण तिलाच द्या. तुम्ही चालवणार असाल तर आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा. ते वर्षभरच चालतं, उगाच आधीपासून काढून ठेवू नका.

गोव्याचं काय, असं मागून कोणीतरी विचारतंय. गोव्यात स्वतः चालवायला गाडी घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं आहेत का ते बघा. पांढऱ्या पाटीची स्वस्त मिळते, ती कोणाची तरी घरची असते. खासगी पॉलिसीत गाडी भाड्याने देणं बसत नाही. अशा गाडीचे क्लेम मी स्वतः नाकारायला लावलेत, आणि त्यातल्या एका गृहस्थांना मी आत्ता तिसऱ्या रांगेत बघतोय. चहाला भेटू.