मुकादमाच्या उचलीबरोबर ठरते पोरांची शाळा

नमस्कार श्रोतेहो.

मूल शाळेत टिकत का नाही, असं विचारलं की बोट एक तर मास्तरांकडे जातं, नाही तर आईबापांकडे. बीडच्या बालाघाट डोंगरपट्ट्यात, म्हणजे पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या तालुक्यांत, आणि शेजारच्या पाथर्डीत, या प्रश्नाचं मूळ उसाच्या हंगामात आहे. पावसाळ्यातच मुकादमाकडून, म्हणजे मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम घेतली जाते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे किंवा कर्नाटकात निघतात. माघारी येतात त्या गुढीपाडव्याच्या आगेमागे, कधी थेट अक्षय्यतृतीयेला. पोरांचं पहिलं सत्र गावात होतं आणि दुसरं सत्र फडावर, म्हणजे तोडणीच्या उसाच्या रानात, जातं. जोडाक्षरं, भागाकार, अपूर्णांक असे पाया पक्का करणारे बरेच धडे नेमके त्या सहा महिन्यांत निघून जातात.

उचल मिळते कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाचा हिशोब अर्ध्या कोयत्याचा. आईला मागं राहायचं म्हटलं तर अर्धी उचल जाते, म्हणून ती राहत नाही. ती निघाली की तान्हं तिच्यासोबत निघतं, आणि तान्ह्याला सांभाळायला कुणीतरी लागतं. आईबाप पहाटेच्या अंधारात फडात उतरतात. तेव्हा कोपीत, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, बारक्यापाशी कोण बसणार? आठ-दहा वर्षांची थोरली बहीण.

बाहेरच्यांना वाटतं, पोरींना ऊस तोडायला नेतात. या वयाच्या पोरींच्या बाबतीत बहुतेक वेळा तसं नसतं. बारक्याला खेळव, पाणी आण, भाकरी टाक, वाढ्याच्या म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या बांध, हे तिचं काम. त्यामुळं ‘पोरीला शिकवा’ असं आईबापाला कितीही सांगितलं तरी उपयोग होत नाही. आधी बारक्याची सोय लावावी लागते, मगच थोरलीची शाळा वाचते. मूल तीन वर्षांचं झालं असेल, अंगावरचं दूध सुटलं असेल, तर ते आजीपाशी आणि गावातल्या अंगणवाडीत राहू शकतं. तान्हं असेल तर टोळीतल्या तीन-चार घरांनी कोप्या जवळजवळ टाकायच्या आणि एका म्हातारीनं सगळी बारकी पोरं सांभाळायची. एकाच भावकीची टोळी असली तर हे जमतं. फक्त त्या म्हातारीचं खाणंपिणं आणि हंगामाचे पैसे सगळ्या घरांनी मिळून द्यायचे, आणि ते निघण्याआधी तोंडावर ठरवायचं. नाही तर पंधरा दिवसांत भांडण लागतं. मुक्काम असेल तिथल्या अंगणवाडीतही लेकराचं नाव घालता येतं, जरूर घाला. पण अंगणवाडी चालते दिवसातले काही तास, आणि आई निघते पहाटे. मधल्या वेळेचा प्रश्न तिथं सुटत नाही.

आता गावात राहणाऱ्या मुलांचं बोलू. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह असतं. ते शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतं. नाव वसतिगृह असलं तरी पुष्कळ गावांत मुलं झोपायला आजीकडेच असतात. सकाळ-संध्याकाळचं जेवण वसतिगृहाचं आणि दुपारचा शालेय पोषण आहार. योजना चांगली आहे, गाडी अडते ती वेळेच्या प्रश्नावर. कोण जाणार याची यादी मुख्याध्यापकांनी दसऱ्याच्या आत घरोघर फिरून करायची असते. यादी उशिरा गेली की मंजुरी उशिरा येते आणि चूल पेटते टोळ्या गेल्यावर महिना-दीड महिन्यानं. तेवढे दिवस पोराला कुणाच्या भरवशावर ठेवायचं? बाप त्याला गाडीत घालून नेतो, आणि त्यात त्याची चूक म्हणता येत नाही. ‘मंजुरी आली की ठेवू’ असं म्हणून कुठलंच घर पोर मागं ठेवत नाही. म्हणून समितीतल्या पालकांनी ऑगस्टमध्येच विचारायला लागावं: यादी झाली का, प्रस्ताव गेला का, स्वयंपाकाला कोण ठरलंय.

आजीवर पोर सोपवताना तिला खर्चाचे पैसे देऊन भागत नाही. तीन गोष्टी आधी बघून घ्या. पहिली, रेशनकार्ड. आजीचं नाव वेगळ्या कार्डावर असेल तर तुमच्या कार्डावरचं धान्य तिच्या अंगठ्यावर निघत नाही, आणि लेकरांचा वाटा हंगामभर अडकून राहतो. दुसरी, दुखण्याखुपण्याची. पोराला ताप आला तर त्याला दवाखान्यात कोण नेणार? गावातल्या एका धडधाकट माणसाचं नाव ठरवा, त्याचा नंबर आजीला आणि वर्गशिक्षकांना द्या. आणि तिसरी, आजीची नजर. मोतीबिंदू वाढलेला असेल तर चूल, दिवा आणि विहीर या तिन्ही ठिकाणी लेकराला धोका आहे. शस्त्रक्रिया पावसाळ्यातच करून घ्या.

पहिले पंधरा-वीस दिवस पोर जेवत नाही, रडतं, शाळेत गप्प बसतं. शिक्षकांनी तेव्हा त्याला अभ्यासावरून बोलू नये. आईबापांचा फोन यायला हवा, पण ठरलेल्या वेळी. फडावरून मोकळं होईपर्यंत रात्र होते, तोवर पोर झोपलेलं असतं. झोपेतून उठवून बोललं की ते पुढं तासभर हुंदके देतं. गाडी भरून कारखान्याच्या रांगेत लागली की बापाला मधे वेळ मिळतो, तेव्हा फोन करा. ‘जेवलास का, अभ्यास कर’ एवढ्यावर थांबू नका. त्याला पुस्तकातल्या पाच ओळी वाचून दाखवायला सांगा. तुम्हाला वाचता येत नसलं तरी कुठं अडखळतंय ते ऐकू येतंच.

एक गोष्ट वाईट आहे, पण सांगितली पाहिजे. पोरगी वयात आली की आजीवर सोपवायला आईचा जीव धजत नाही. फडावर न्यावी तर तिथंही भीती. मग चौदा-पंधराव्या वर्षी लग्न उरकलं जातं, आणि लग्न झालं की नवा कोयता तयार, नवी उचलही मिळते. कायद्यानं मुलीचं वय १८ पाहिजे. नुसत्या धाकानं ही लग्नं थांबत नाहीत. सुरक्षित जागा मिळाली तर थांबतात. संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठीच आहे. तालुक्याला त्याची चौकशी जूनमध्ये करा, दिवाळी तोंडावर आल्यावर नको.

काही घरांना पोरं नेण्यावाचून इलाज नसतो. त्यांनी निघण्याआधी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं. मूल कितवीत आहे, कुठवर शिकलंय, ते त्यात लिहिलेलं असतं. नव्या शाळेत ते दाखवायचं. दाखला हातात नाही म्हणून शाळा प्रवेश अडवू शकत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ते स्पष्ट आहे, आणि जन्माचा पुरावा नाही म्हणूनही अडवता येत नाही. राज्याच्या नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. कोपी मात्र पडते फडाच्या कडेला, मधे डांबरी रस्ता आणि त्यावरून धावणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या. कोप्या कुठं टाकायच्या हे मुकादम ठरवतो, तेव्हा शाळेच्या अंगाला टाका, हे टोळीनं त्याच दिवशी सांगावं. कर्नाटकात जाणाऱ्यांनी जास्त सावध राहावं: बेळगाव-निपाणीकडं मराठी शाळा सापडते, पुढं आत गेलात की वर्ग कानडी. तिसरी-चौथीचं पोर तिथं नुसतं बसून राहतं. अशा टोळीनं पोर गावातच ठेवलेलं बरं.

फडावरच्या पोराला काहीच येत नाही, हा मात्र शिक्षकांचा गैरसमज. कारखान्याच्या काट्यावरची वजनाची पावती घ्या. समजा भरलेलं वजन ३.१५०, रिकामं ०.६००, निव्वळ २.५५० टन. टनाला ४०० रुपये धरले तर पैसे किती? १,०२०. घरातली पोरं हा हिशोब तोंडी करतात, कारण त्यावर घरात रोज वाद होतो. पण तेच पोर वहीत २.५ लिहिलेलं पाहून ‘दोन टन पाच किलो’ म्हणतं. दशांश चिन्हाच्या पुढचा पाच म्हणजे पाचशे किलो, आणि पाच किलो लिहायचे तर २.००५, हे पावती समोर ठेवून पाच मिनिटांत कळतं. फळ्यावर आठवडा जातो. मोळ्या, खाडे, उचलीतून वळती झालेली रक्कम, यावर बेरीज-वजाबाकीची उदाहरणं वाटेल तितकी निघतील. आईबापांनीही पावती खिशात न घालता आधी पोराकडून वाचून घ्यावी. दोघांच्याही फायद्याचं आहे.

आणि माघारी आल्यावरचं. पाडव्याला आलेलं पोर एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षेला बसतं. पाचवी आणि आठवीला आता नापास करून त्याच वर्गात ठेवता येतं, आधी पुनर्परीक्षेची एक संधी मिळते. टोळी परतली की दुसऱ्याच दिवशी आई किंवा बापानं शाळेत जाऊन पुनर्परीक्षेची तारीख लिहून आणावी, आणि कोणते धडे राहिलेत त्यांवर शिक्षकांकडून पेन्सिलीनं खुणा करून घ्याव्यात. गावात बारावी झालेली पोरं-पोरी सुटीत रिकामी असतात. रोज तासभर, पाच-सहा मुलांचा एक गट, आधी वाचन आणि मग भागाकार, असे सहा आठवडे मिळाले तर बरीच मुलं पुढच्या वर्गाच्या जवळ येतात. त्याच दिवसांत लग्नसराई असते, तेव्हा तास सकाळी सातचा ठेवा.