एकादशी, दुप्पट खाशी आणि उपाशी शेवाळ

नमस्कार मंडळी! कॉलेजात असताना मी एकदा एक अख्खा फ्लास्क बेसिनमध्ये ओतून द्यायला निघाले होते, तिथूनच सुरुवात करते. त्या फ्लास्कमध्ये होतं क्लॅमिडोमोनास. बायोलॉजीच्या वहीत अंडाकृती पेशी आणि वर दोन केसांसारख्या शेपट्या असं चित्र काढलेलं आठवतंय का, तेच ते. एका पेशीचं शेवाळ, लांबी साधारण मिलिमीटरचा शंभरावा भाग. मी काय केलं होतं, तर छान हिरवंगार वाढलेलं कल्चर घेतलं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी तळाशी आणल्या, दोनदा धुतल्या आणि नायट्रोजन नसलेल्या पाण्यात सोडल्या. बाकी सगळं होतं हां, उजेड होता, फॉस्फेट होतं, कार्बनसाठी अॅसिटेट होतं, फक्त अमोनियम क्लोराईड तेवढं काढून घेतलेलं. दोनतीन दिवसांनी बघते तर फ्लास्क पिवळट, उसाचा रस उरून शिळा झाल्यासारखा. म्हटलं मेलं सगळं. तेवढ्यात सीनियर म्हणाली, "थांब गं, आधी स्लाईड तरी बघ!"

मग नाईल रेड नावाचा एक रंग असतो, तो तेलकट गोष्टीला चिकटतो आणि योग्य प्रकाशात चमकतो, तो घालून मायक्रोस्कोपखाली बघितलं. प्रत्येक पेशीत पिवळेधमक थेंब, फोडणीच्या कढईत असतात ना तसे. पेशी जिवंत होत्या आणि उपाशी ठेवल्यावर चक्क जाड झाल्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, मग उपाशी कसं? अहो पण तो हवेतला नायट्रोजन या शेवाळाला वापरताच येत नाही, त्याला लागतो अमोनियम, नायट्रेट किंवा युरियासारखा विरघळलेला. आपल्या गव्हाचं, मक्याचंही तेच आहे. शेतकरी मंडळींना हे वेगळं सांगायला नको, नत्र कमी पडलं की आधी खालची पानं पिवळी पडतात, कारण झाड जुन्या पानांतला नत्र काढून कोवळ्या शेंड्याला देतं. शेवाळाला ना खालची पानं ना शेंडा, सगळा संसार एकाच खोलीत, त्यामुळे ते स्वतःच्याच घरातलं सामान मोडायला काढतं.

आणि मोडतं काय काय? हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नायट्रोजनचे ४ अणू असतात, ते जातं, म्हणून तर रंग उतरतो. रुबिस्को नावाचं कार्बन पकडणारं प्रोटीन पेशीत ढिगाने असतं, ते मोडतं. प्रोटीन बनवणारे रायबोसोमसुद्धा कमी केले जातात, म्हणजे दुष्काळात घरातली भांडी विकतात तसं, रांधायलाच काही नाही तर पातेली ठेवून करायचं काय. यातून सुटलेला नायट्रोजन अगदी गरजेच्या प्रोटीन्ससाठी जपून वापरला जातो. पेशी विभागणं जवळजवळ थांबतं.

आता खरी गंमत इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगते. नायट्रोजन संपला म्हणून ऊन थांबत नाही ना! कमी झालेल्या का होईना पण हरितद्रव्यावर उजेड पडतच राहतो, त्यातून ऊर्जा येतच राहते, आणि एरवी ती ऊर्जा नवीन प्रोटीन, नवीन डीएनए, नवीन पेशी बनवण्यात खर्च व्हायची, तो रस्ता आता बंद. म्हणजे गिरणी चालू, पीठ पडतंय, आणि न्यायला डबाच नाही. ती ऊर्जा कुठेतरी जिरवली नाही तर पेशीत ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात आणि पेशीचंच नुकसान करतात. मग अशा ठिकाणी जिरवायची की जिथे नायट्रोजनचा एकही अणू लागत नाही. अशा दोन जागा, स्टार्च आणि तेल. दोन्हीत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, बस.

आपल्याकडे म्हणतात ना एकादशी दुप्पट खाशी! उपवासाला आधी साबुदाणा आणि वर तूप, तसंच या क्लॅमिडोमोनासचं, आधी स्टार्चचे कण भरतात आणि मागोमाग तेलाचे थेंब वाढत जातात. स्टार्च बनवताच येत नाही असा याचा एक म्यूटंट, म्हणजे जीन बिघडलेला वाण आहे, एसटीए६ नावाचा, त्याला उपाशी ठेवलं तर तो तेल आणखी जास्त साठवतो. साबुदाणा नाही तर नुसतं तूपच खा म्हणे! तेलासाठी थोडा कच्चा माल जुन्याच सामानातून येतो, हरितद्रव्य ज्या पडद्यांत बसवलेलं असतं त्या पडद्यांतली फॅटी अॅसिड्स काढून तेलात घातली जातात.

आणि याच काळात आणखी एक उद्योग, याच उपासमारीत प्लस आणि मायनस जातीच्या पेशी गॅमीट, म्हणजे नर-मादीसारख्या जोडी करणाऱ्या पेशी बनतात आणि जोडी जमवतात. पोटाला नाही पण लग्नाची घाई! त्यातून जाड कवचाचा झायगोस्पोर बनतो, तो कोरडं पडलं तरी तग धरतो, म्हणजे तसा विचार करूनच केलेलं लग्न आहे.

सगळी शेवाळं मात्र सारखीच नसतात. मिठागरातलं डुनालिएला नत्र कमी आणि ऊन जास्त मिळालं की बीटा कॅरोटीन साठवून केशरी होतं, हिमॅटोकॉकस अॅस्टाझँथिन भरून लालभडक. इथे आपल्या लोणारची आठवण निघणारच, २०२०च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा पहिला संशय डुनालिएलावरच होता, पण पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासले आणि रंग हॅलोआर्किया या खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा निघाला. तेव्हा गुलाबी दिसलं की लगेच शेवाळाला दोष देऊ नका.

तर हे तेल बघून माणसाच्या तोंडाला पाणी सुटणारच. १९४९ मध्येच अमेरिकेत स्पोर आणि मिलनर यांनी क्लोरेला नावाच्या शेवाळाला नत्रावाचून ठेवून ८५ टक्क्यांच्या आसपास चरबी मिळाल्याचं लिहिलं होतं. पुढे तेलाच्या टंचाईच्या काळात अमेरिकन सरकारने १९७८ ते १९९६ शेवाळापासून इंधन काढायचा कार्यक्रम चालवला, अंदाजे अडीच कोटी डॉलर घातले, शेवाळाच्या ३००० जाती गोळा केल्या, न्यू मेक्सिकोत रॉसवेलला तळी खोदून बघितली. आणि निघालं काय, तर टक्केवारी वाढते पण एकूण तेल वाढत नाही! कारण उपाशी पेशी वाढतच नाहीत. मला तर वाटतं हे आधीच दिसायला हवं होतं, दहा माणसांत दोन किलो तूप आणि दोन माणसांत एक किलो तूप, दुसऱ्यात माणशी जास्त आहे पण डब्यात कमीच की. अजूनही जाहिरातीत टक्केच सांगतात, लिटर विचारा म्हणावं, आणि किती दिवसांत तेही. २०१७ मध्ये नॅनोक्लोरोप्सिस नावाच्या शेवाळातला एक नियंत्रक जीन मंदावून उपाशी न ठेवता तेल साधारण दुप्पट करून दाखवलं, वाढही फारशी घटली नाही, तो मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो. पण अजून पंपावर काही ते तेल आलेलं नाही.

आणि त्या माझ्या फ्लास्कचं काय झालं? ओतला नाही. सीनियरने सांगितलं म्हणून थोडं अमोनियम क्लोराईड घातलं आणि शेकरवर ठेवून घरी गेले. नायट्रोजन मिळाला की पेशी साठवलेलं तेल फोडायला घेतात, त्यातून हरितद्रव्य आणि बाकीचं सामान पुन्हा उभं करायला लागतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघितलं तर पिवळ्यावर हिरवट झाक आलेली, आणि स्लाईडवर ते तुपाचे थेंब बारीक बारीक होत चाललेले.