गाल सुजलाय? दुखणं नको, सूज बघा

कोल्हापूरच्या गंगावेशीतलं एक मेडिकल, रात्रीचे साडेनऊ. डावा गाल टम्म फुगलेले एक मामा रुमाल धरून उभे आहेत आणि म्हणतायत, "दाढ लय ठणकालीया, जोरातली गोळी दे बाबा." गोळीनं ठणका दबतो, मुळाशी साठलेला पू तसाच राहतो. आणि कधीकधी ठणका आपोआपच थांबतो, माणूस म्हणतो चला सुटलो, उद्या तांबडा-पांढरा ओरपायला मोकळा, पण आतली नस मेलेली असते म्हणून दुखत नाही, इन्फेक्शन चालूच असतं!

म्हणून सूज कुठं सरकतीय ते बघा. खालच्या शेवटच्या दाढांची मुळं खोल असतात, तिथला पू जबड्याखाली आणि जिभेखाली उतरू शकतो, मग जिभेखालची जागा फुगून कडक होते, जीभ वर आणि मागं ढकलली जाते आणि श्वासाची वाटच अडते. १८३६ मध्ये लुडविग या जर्मन डॉक्टरनं हे लिहून ठेवलं, आज औषधं आहेत तरी उशीर झाला तर माणूस दगावतो.

आरशासमोर तोंड उघडून बघा, दोन बोटं एकावर एक मावत नसतील, थुंकी गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, तोंडात घास असल्यासारखा आवाज येत असेल, सूज गळ्यावर किंवा डोळ्यापर्यंत गेली असेल, थंडी वाजून ताप असेल, तर सकाळ होईपर्यंत थांबायचं नाही. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी हॉस्पिटलला, किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं. शुगरवाल्यांनी तर जास्तच घाई करायची, त्यांच्यात हे भराभर पसरतं.

यातलं काहीच नाही, नुसता गाल सुजलाय? तरी त्याच दिवशी डेंटिस्टला दाखवा. सूज असताना दाढेला हात लावत नाहीत असं ऐकून लोक आठवडा आठवडा घरी बसतात, ते काय करायचं ते डॉक्टरला ठरवू दे की! चीर देऊन पू काढतील, रूट कॅनल करतील नाहीतर दाढ काढतील, नुसत्या अँटिबायोटिकवर हे मिटत नाही. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या तर अजिबात नकोत, आणि गालाला बाहेरून गरम शेकही देऊ नका.

श्वास लागत असेल तर १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत पेशंटला आडवं करू नका, बसवूनच ठेवा.